वाचकाला चकवा द्यायचा, फाऊल न करता: फुटबॉलवरचे क्रिप्टिक क्लू कसे लिहायचे

आधी शब्दकोड्यातला हा क्लू बघा: "गोंधळलेला वाचक, विंगरचं हत्यार (३)".

उत्तर आहे चकवा. वाचक या शब्दातली वा, च, क ही तीन अक्षरं विस्कटून परत लावली की च-क-वा होतं. 'गोंधळलेला' हा शब्द सांगतो की अक्षरं विस्कटायचीत आणि उरलेलं 'विंगरचं हत्यार' हा उत्तराचा सरळ अर्थ. हा क्लू सुचला त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण क्लू लिहायची सगळी कलाच त्यात होती. चांगला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू, बॉल लपवत नाही, बॉल डिफेंडरच्या डोळ्यासमोर असतो, खांदा एकीकडे झुकतो आणि बॉल दुसरीकडे जातो, डिफेंडरला सगळं दिसत असूनही तो चुकीच्या बाजूला पळतो. क्लूनेही हेच करायचं. सोडवणाऱ्याला लागणारी प्रत्येक गोष्ट समोर ठेवायची आणि तरी त्याला चुकीच्या बाजूला पळवायचं. त्याचा शर्ट ओढायचा नाही.

फुटबॉल थीमवर क्लू लिहायची स्पर्धा असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच भाग घेत असाल तर मी कसा लिहितो ते सगळं सांगतो. क्लूला काहीजण शोधसूत्र म्हणतात, छान शब्द आहे, पण बोलताना सगळे क्लूच म्हणतात म्हणून मीही तेच वापरतो.

क्लूमध्ये असतं काय

दोनच गोष्टी, उत्तराचा अर्थ आणि उत्तर बनवायची कृती. अर्थ क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी असतो, मधे कधीच नाही. शेवटी कंसात अक्षरांची संख्या. या दोन्हीच्या पलीकडे एकही फालतू शब्द नको, आणि हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

हा क्रिप्टिक, म्हणजे गूढ क्लूंचा प्रकार मूळचा इंग्लंडचा. शब्दकोडं स्वतः अमेरिकेतलं, २१ डिसेंबर १९१३ ला न्यू यॉर्क वर्ल्ड या पेपरात आर्थर विनचं पहिलं छापून आलं, पण त्याला हा गूढ वळसा इंग्लंडमध्ये मिळाला. ऑब्झर्व्हर या रविवारच्या पेपरात १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी यायला लागली, मग झिमेनीस आला आणि १९७२ पासून अझेद. तिन्ही नावं स्पेनच्या इन्क्विझिशनमधल्या, म्हणजे धर्मविरोधकांना शिक्षा देणाऱ्या न्यायालयातल्या, छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांची, त्यातलं अझेद म्हणजे देझा हे नाव इंग्रजी स्पेलिंगने उलटं लिहिलेलं. आपल्या कामाचं म्हणजे झिमेनीस आणि अझेद दोघांनीही वाचकांसाठी क्लू लिहायच्या स्पर्धा चालवल्या. एक शब्द द्यायचा, सगळ्यांनी त्या एकाच शब्दावर क्लू पाठवायचे. एकच शब्द शंभर डोक्यांतून कसा शंभर वाटांनी बाहेर पडतो हे बघायला मिळतं म्हणून मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. आफ्रिट नावाच्या कोडेकाराचं तत्त्व पण पाठच करा: मी जे म्हणतोय तोच माझा अर्थ असायला हवा असं नाही, पण माझा जो अर्थ आहे तो मी म्हटलेला असलाच पाहिजे.

मराठीत एक घर म्हणजे एक अक्षर

इंग्रजी पेपरातल्या कोड्यांवर हात बसलेले लोक मराठीत आले की इथेच अडखळतात. आपल्याकडे घरात पूर्ण अक्षर जातं, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळ्यासकट, आणि जोडाक्षर एकाच घरात. शिट्टी म्हणजे शि, ट्टी, दोन घरं. कर्णधार म्हणजे क, र्ण, धा, र, चार घरं. त्यामुळे अक्षरं विस्कटताना मात्रा अक्षराला चिकटूनच फिरते, वाचकमधला वा हा वा म्हणूनच फिरला, कुठे काना काढून दुसऱ्याला लावला असं चालत नाही. म्हणून मराठीत विस्कटलेल्या अक्षरांचे क्लू कमी मिळतात, पण मिळाला की सोनं असतं.

शुद्धलेखनाचं मी स्वतः भोगलंय. एका स्पर्धेला मी मैदान या शब्दावर क्लू पाठवला, हिंदीतला 'मी' आणि पुढे देणगी, म्हणजे मै आणि दान. मला तो फार आवडला होता. तो बाद झाला आणि बाद होणं बरोबरच होतं, कारण हिंदीतला मी म्हणजे मैं, त्याच्या डोक्यावर अनुस्वार आहे आणि मैदानच्या मै वर नाही. बोलताना फरक कळत नाही पण घरात लिहिताना कळतो. तेव्हापासून तुकडे जोडल्यावर प्रत्येक घर मी वेगळं लिहून बघतो, ऱ्हस्व दीर्घ अनुस्वार सगळं.

शब्द निवडताना

शब्द दिलेला असेल तर प्रश्न नाही. थीमच दिली असेल तर बसून चाळीसपन्नास शब्दांची कच्ची यादी करा, चांगला वाईट न बघता. गोल, पास, पंच, शिट्टी, सराव, सामना, हार, बदली, राखीव, आक्रमण, बचाव, कर्णधार, पाय, चेंडू, शिवाय खेळाडू, क्लब, गावं. मग एकेक शब्द मोठ्याने म्हणा आणि फुटबॉल विसरून ऐका. पेले हा शब्द मी असाच ऐकला आणि उडालोच, अहो पेले म्हणजे पाणी प्यायचे पेले! आणि पेला म्हणजे चषक, आणि पेलेने १९५८, १९६२, १९७० असे तीन विश्वचषक जिंकलेत. क्लू जवळपास स्वतःच लिहून झाला: "चषकच चषक, ब्राझीलचा दहा नंबर (२)". काकाचंही तसंच, ब्राझीलचाच, २००७ चा बॅलन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला, आणि आपल्याकडे वडिलांचा भाऊ.

परदेशी नावं घेताना एक सांभाळा. मेसी की मेस्सी, रोनाल्डो की रोनाल्दो, मॅराडोना की मारादोना, हे मराठी पेपरांतसुद्धा एकसारखं नाही. सोडवणाऱ्याने उत्तर बरोबर ओळखून घरात वेगळं लिहिलं तर चूक त्याची नाही, तुमची आहे. पेले, काका ही नावं सगळे एकाच पद्धतीने लिहितात म्हणून ती सुरक्षित. मध्यंतर आणि मध्यांतरचाही तोच घोळ, मी तो शब्द टाळतो.

शब्द फोडायचा कसा

कागदावर अक्षरं सुटी लिहा आणि चार गोष्टी करून बघा: उलटा वाचा, मधून तोडा, डोकं किंवा शेपूट उडवा, बाहेरची अक्षरं आणि आतली अक्षरं वेगळी करा.

सराव घेऊ. स, रा, व. उलटं वाचलं तर व, रा, स, वरास! वरास म्हणजे नवरदेवाला. "नवरदेवाला उलटं फिरवणं म्हणजे प्रॅक्टिस (३)". लग्नघरातल्या दंगामस्तीचं चित्र उभं राहतं आणि सोडवणारा तिकडेच बघत बसतो.

राखीव. रा, खी, व. शेवटी व दिसला की आनंद व्हायला पाहिजे, कारण व म्हणजे आणि, आणि 'आणि' हा शब्द वाक्यात इतका सहज बसतो की कोणाला संशय येत नाही. राखी अधिक व. "बहिणीने बांधलेली आणि बाकावर बसलेला (३)". वाचताना वाटतं दोन माणसांबद्दल चाललंय.

कर्णधार मधून तोडला की कर्ण आणि धार. "कवचकुंडलं देणाऱ्यामागे पात्याचा तीक्ष्णपणा, संघाचा म्होरक्या (४)". मूळ शब्दातला कर्ण म्हणजे जहाजाचं सुकाणू, कुंतीचा मुलगा नाही, म्हणजे तुकड्याचा अर्थ आणि शब्दाचा मूळ अर्थ वेगळे आहेत, आणि हेच हवं असतं. गोलरक्षक हा शब्द गोल आणि रक्षक असा फोडण्यात काहीच मजा नाही कारण तो मुळात तसाच बनलाय, तिथे चकवा कुठे आहे?

आक्रमणला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. आ, क्र, म, ण. आतली दोन अक्षरं क्रम, बाहेरची आ आणि ण. आण म्हणजे शपथ, आणाभाकांमधली. म्हणजे शपथेच्या पोटात क्रम. पहिला खर्डा होता "शपथेच्या पोटात अनुक्रम, फॉरवर्डचं काम सुरू". यात दोन चुका होत्या, अनुक्रम म्हटलं की क्रम आयताच हातात दिला, आणि 'सुरू' ला काही कामच नव्हतं, वाक्य गोड लागावं म्हणून आलेला शब्द. क्रम म्हणजे रांग, मग असं झालं: "रांगेला शपथेने वेढलं, फॉरवर्डचं काम (४)". आता प्रत्येक शब्दाला काम आहे.

डोकं उडवायचं उदाहरण पटकन देतो, उपाय मधला उ काढला की पाय. "तोडग्याचं डोकं उडवलं, किक मारायला हवा (२)".

आणि लपवलेला शब्द, म्हणजे उत्तर क्लूमध्येच दोन शब्दांच्या सांध्यावर दडलेलं. दिसायला सोपा, लिहायला अवघड, कारण सांधा नैसर्गिक लागतो. "असा मनात दडलेला मुकाबला (३)". असा मनात मधली सा, म, ना बघा. सामना. इथे 'दडलेला' हा शब्द वाक्याच्या अर्थातही बसतो आणि कृतीतही.

विभक्तीचं काय करायचं

इंग्रजीत शब्द सुटा राहतो म्हणून इकडचा तिकडे सहज बसतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दच बदलतो. या लेखाच्या नावातच बघा, 'वाचकाला'. समजा मी क्लू लिहिला असता "वाचकाला गोंधळवा, विंगरचं हत्यार", तर वाक्य जास्त छान झालं असतं, पण तो फाऊल आहे. विस्कटायला दिलेली अक्षरं आता वा, च, का, ला अशी चार झाली, क चा का झाला, त्यातून चकवा निघत नाही. म्हणून 'गोंधळलेला वाचक', प्रथमेत, उघडा.

मी तीन गोष्टी पाळतो. जी अक्षरं क्लूमध्ये जशीच्या तशी वापरायचीत त्यांना प्रत्यय लागलेला चालत नाही, लागलेला असेल तर तोही मोजला जातो. समानार्थी शब्द दिला असेल तर प्रत्यय जोडणीपुरता चालतो, 'रांगेला शपथेने वेढलं' मध्ये ला आणि ने फक्त कोण आत कोण बाहेर एवढं सांगतात. आणि अर्थाचा भाग उत्तराच्याच रूपात हवा. काकासाठी मी आधी लिहिलं होतं "'कशासाठी?' दोनदा विचारलं ब्राझीलच्या मिडफिल्डरने", का आणि का, काका. वाक्य पळतंय मस्त, पण 'मिडफिल्डरने' याचं उत्तर 'काकाने' होतं, काका नाही. शेवटी "'कशासाठी? कशासाठी?' ब्राझीलचा मिडफिल्डर (२)" असा कोरडा ठेवला. थोडं सौंदर्य गेलं याचं वाईट वाटतं, पण परीक्षकापुढे बचाव करायला मला हाच क्लू हवा. लिंग वचनही असंच जुळवायचं, पेलेसाठी 'चषकच चषक' लिहिलं ते यासाठीच, एक चषक आणि अनेक चषक मराठीत सारखेच दिसतात आणि पेले तर अनेकवचन आहे, ते कुठेतरी सांगायला हवं.

दोन अर्थांचे क्लू

यात अक्षरांची तोडफोड नसते, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवायचे. मराठी फुटबॉलला हा प्रकार इतका मानवतो की तुमचा पहिला चांगला क्लू बहुधा यातलाच असेल.

"संस्कृतात पाच, मैदानावर एकच (२)", पंच. सहायक पंच असतात हो, पण ते रेषेबाहेर झेंडे घेऊन पळतात, म्हणून 'मैदानावर' हा शब्द जपून निवडलाय.

"डाळ शिजायला तीन, खेळ थांबायला एक पुरते (२)". शिट्टी.

"एसटीचा काढायचा, परीक्षेत व्हायचं, मैदानावर द्यायचा (२)". पास, यात तर तीन अर्थ.

"तलाठ्याला जिची धास्ती, बाकावरच्याला जिची आस (३)". बदली. हा मला स्वतःला खूप जवळचा आहे, कारण यात बाकावर जॅकेट घालून बसलेला पोरगा दिसतो, कोचकडे बघत बसलेला.

"जिंकलात तर गळ्यात, नाहीतर पदरात (२)". हार.

"नाटकाआधी होते, कोल्हापुरात फुटबॉल खेळते (३)". तालीम. कोल्हापूरकर हसला असेल, कारण तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशीच संघांची नावं आहेत आणि शाहू स्टेडियमवर तालमी उतरतात, पण नागपूरच्या माणसाला हे माहीत नसेल. मग हा क्लू चालेल का? माझं मत, चालेल, कारण पहिल्या अर्ध्या भागाने तो उत्तरापर्यंत पोचू शकतो आणि दुसरा अर्धा त्याला कोल्हापूरबद्दल काहीतरी देऊन जातो. दोन्ही अर्ध्या बाजू स्थानिक असत्या तर मी पाठवला नसता. गोव्यासाठीही हाच हिशोब: "टाळी लागते ती इथे, गोव्याचा गोलकीपर (४)". ब्रह्मानंदी टाळी लागणे सगळ्यांना माहीत आहे, भारताच्या गोलमध्ये उभा राहिलेला ब्रह्मानंद माहीत नसला तरी चार घरं भरतात.

एकच शब्द, अनेक वाटा

स्पर्धेत सगळ्यांना सामना हाच शब्द मिळाला असं धरू. 'असा मनात दडलेला मुकाबला' वर आलाच. दुसरी वाट, सा आणि मना. सा म्हणजे षड्ज, गाण्यातला पहिला सूर. समर्थ रामदास श्लोकाश्लोकात 'मना' अशी हाक मारतात, म्हणून "षड्जानंतर समर्थांची हाक, लढत (३)". बरोबर आहे, पण वाक्याचा एकसंध अर्थ लागत नाही, तुकडे शेजारी ठेवल्यासारखं वाटतं. तिसरी वाट, मना म्हणजे मनाई: "पहिल्याच सुराला बंदी? लढत! (३)". सा मना! आता गाण्याच्या मैफलीतलं भांडण समोर उभं राहतं आणि फुटबॉल कोणाच्या मनातही येत नाही.

मी पाठवेन तो पहिला, दडलेला. तिसरा जास्त खोडकर आहे, पण पहिल्यात एकही शब्द वाया नाही आणि वाक्य कोणीही सहज बोलेल असं आहे. क्लू मोठ्याने वाचून बघा, चहाच्या टपरीवर कोणी हे वाक्य बोलेल का? बोलेल असं वाटलं की तो पास.

स्पर्धेचा नियम नीट वाचा, थीम उत्तरात हवी की वाक्यात. उत्तर फुटबॉलबाहेरचं असलं तरी वाक्य फुटबॉलचं असू शकतं. "जमिनीलगत स्कोअर, शाळेत शिकवतात (३)" मध्ये भू आणि गोल मिळून भूगोल होतो.

पाठवायच्या आधी

क्लू लिहून एक रात्र जाऊ द्या. सकाळी फक्त क्लू बघून उलटा प्रवास करा, उत्तर माहीत नाही असं समजून. मग दोन माणसांना द्या, एक फुटबॉल बघणारा पण कोडी न सोडवणारा, दुसरा कोडी सोडवणारा पण फुटबॉल न बघणारा. पहिल्याला फुटबॉलची माहिती चुकलेली दिसते आणि दुसऱ्याला कृतीतली भोकं. माझ्याकडे हे दुसरं काम आमची आत्या करते, तिला ऑफसाईड अजून कळत नाही पण 'सुरू' हा शब्द फालतू आहे हे तिनेच दाखवलं. ते उत्तर सांगून टाका म्हणतील, सांगू नका, दहा मिनिटं थांबा आणि ते कुठे अडकतात ते ऐका. जिथे अडकायला हवं होतं तिथे अडकले तर उत्तम, वेगळंच उत्तर पटवून देऊ लागले तर क्लू परत कागदावर.

बदलत जाणारी माहिती क्लूमध्ये नको. सर्वाधिक गोल करणारा, सध्याचा कॅप्टन, अमुक क्लबचा खेळाडू, हे सगळं पुढच्या मोसमात खोटं ठरू शकतं. पेलेचे तीन विश्वचषक खोटे ठरणार नाहीत. आणि हयात खेळाडूच्या नावावर कोटी करताना त्याच्या दिसण्यावर, जातीवर, दुखापतीवर जाऊ नका, नावातल्या अक्षरांवर खेळा, तेवढं पुष्कळ आहे.

क्लूसोबत उकल लिहून द्या, परीक्षकाला शोधायला लावू नका. ती एका ओळीत बसली पाहिजे: 'आण (शपथ) च्या आत क्रम (रांग) = आक्रमण, अर्थ: फॉरवर्डचं काम'. उकल लिहायला तीन ओळी लागल्या तर दोष उकलीत नसतो, क्लूत असतो. तीन क्लू पाठवायची मुभा असेल तरी एकच खणखणीत असेल तर एकच पाठवा.

आता एक तुमच्यासाठी, याची उकल मी देत नाही, अक्षरं सुटी लिहा आणि मधून तोडून बघा: "काळजाला मोहोर, शाहू स्टेडियमवर उतरते (५)".